पक्केचे धनेश: ढोलीखालचे पाच दिवस

पहिला दिवस: गुवाहाटी ते सेइजोसा

गुवाहाटीहून सकाळी आठच्या आत निघालं तरच अरुणाचलातल्या पक्के जंगलाच्या कडेच्या सेइजोसाला उजेडी पोचता येतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पहाटे पाचला लख्ख उजाडतं. मुंबई-पुण्याच्या घड्याळाने चालणाऱ्याचा पहिला दिवस हमखास फुकट जातो. म्हणून आल्या रात्रीच जेवण सातला उरकायचं आणि गजर पावणेचारचा लावायचा.

गुवाहाटी ते तेजपूर साधारण १८० किलोमीटर. नगांवमार्गे गेलं तर तेजपूरच्या अलीकडे ब्रह्मपुत्रेवरचा तीन किलोमीटर लांबीचा कोलिया भोमोरा पूल लागतो. तेजपूरहून बालीपारा, सोइबारी, इटाखोला असं करत आणखी साठेक किलोमीटरवर अरुणाचलची वेस आहे. इथे इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, बघतात. ते ऑनलाइन मिळतं, पण अर्ज आठवडाभर आधी करावा, अर्जात दिलेलंच ओळखपत्र सोबत ठेवावं आणि परमिटच्या दोन छापील प्रती घ्याव्यात. फोनमधली प्रत दाखवू म्हणणाऱ्यांची नाक्यावर रेंजअभावी पंचाईत होते. रोख पैसे तेजपूरलाच काढून घ्यावेत.

सेइजोसा पक्के नदीच्या पूर्वेला आहे. नदीपलीकडे पश्चिमेला पक्के व्याघ्र प्रकल्प, क्षेत्र ८६२ चौरस किलोमीटर. अलीकडच्या बाजूला गावं, शेती आणि पापुम राखीव जंगल. ही रचना नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. धनेशाला (हॉर्नबिल पक्ष्याला) नदी आडवी येत नाही, पण कायद्याचं संरक्षण आणि रोजची गस्त नदीच्या दोन काठांवर सारखी नाही.

संध्याकाळी साडेचारला नदीच्या गोट्यांवर जाऊन बसावं. आधी आवाज येतो. मोठ्या धनेशांच्या पंखांखाली बारीक आच्छादक पिसं नसतात, त्यामुळे हवा थेट उड्डाणपिसांमधून घुसते आणि दूरवरून वाफेचं इंजिन धापा टाकत यावं तसा आवाज होतो. नंतर पक्षी दिसतात. शेपटी पूर्ण पांढरी असेल तर तो रीद्ड हॉर्नबिल. नराच्या गळ्याची पिशवी पिवळी, मादीची निळी. पांढऱ्या शेपटीवर काळा पट्टा आणि पंखांवर पिवळट-पांढरी पट्टी असेल तर महाधनेश. हिवाळ्यात रीद्डचे थवे रातथाऱ्याला असेच नदीवरून जातात. एप्रिलमध्ये मोठे थवे मोडलेले असतात आणि एकेकटे नर जास्त दिसतात. हे शुभलक्षण आहे. माद्या ढोलीत बसल्या आहेत, असा त्याचा अर्थ.

दुसरा दिवस: पापुममधलं घरटं

ज्या झाडाखाली आज दिवस काढायचा त्याला आसामीत भेलू म्हणतात. शास्त्रीय नाव टेट्रामेलेस न्यूडिफ्लोरा. सरळसोट, फिक्या खोडाचं, बुंध्याशी माणसाच्या उंचीच्या आधारमुळांचे पडदे असलेलं हे झाड पक्केतल्या धनेशांचं सगळ्यात आवडतं. लाकूड मऊ असल्याने फांदी मोडली की गाभा लवकर कुजतो आणि ढोली तयार होते. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, तयार मिळेल तीच घ्यावी लागते. हिवाळ्याअखेर झाड निष्पर्ण असतं, त्यामुळे ढोली शोधायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकून घेतात. पालवी फुटली की वीस-पंचवीस मीटर उंचीवरची फट खालून दिसणं मुश्कील.

घरटं चालू आहे की नाही हे आधी जमिनीवर कळतं. ढोलीच्या बरोबर खाली विष्ठेचे ताजे ओघळ आणि बियांचा सडा हवा. बिया ओल्या, गर चिकटलेल्या असतील तर आत मादी आहे. नुसत्या सुकलेल्या, किड्यांनी पोखरलेल्या बिया गेल्या हंगामाच्या. मग दुर्बीण वर न्यायची. लिंपलेली ढोली म्हणजे खोडावरची उभी, अरुंद फट. मादी आत शिरल्यावर विष्ठा, फळांचा गर आणि लाकडाचा भुगा यांनी दार आतून लिंपून घेते आणि चोच जेमतेम बाहेर येईल इतकीच जागा ठेवते. वाळल्यावर हे लिंपण साध्यासुध्या चोचीला दाद देत नाही.

पहाटे सव्वाचारला निघून पाचच्या आत जागेवर बसायचं. झाडापासून निदान पन्नास मीटर लांब, शक्यतो खालच्या अंगाला, झुडपांच्या आडोशाला किंवा कापडी लपणात. आठ गुणिले बेचाळीसची दुर्बीण पुरते; फळ कुठलं आणलं हे ओळखायचं असेल तर तिवईवर स्पॉटिंग स्कोप लागतो. भडक कपडे नकोत, फ्लॅश नको आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवणं तर अजिबात नको. जवळ बसल्यावर काय होतं हे नवख्याला कळत नाही, कारण काहीच घडताना दिसत नाही. नर येतो, दूरच्या झाडावर थांबतो, माणूस बघतो आणि भरल्या गळ्याने परत जातो. आपण ‘आज नर आलाच नाही’ असं लिहितो आणि आतली मादी तेवढा वेळ उपाशी राहते.

नर आला तो सहा वाजून चाळीस मिनिटांनी. थेट ढोलीवर न उतरता शेजारच्या झाडाच्या आडव्या फांदीवर बसला. लाल डोळा, चोचीवरच्या पिवळ्या टोपाला पुढेमागे काळी कड, म्हणजे नरच. मादीचा डोळा पांढुरका असतो. पाचेक मिनिटं मान तिरकी करकरून त्याने खालचं सगळं न्याहाळलं. मग खोडाला नख्या रोवून, शेपटीचा टेकू देऊन फटीसमोर चिकटला. मान झटकली, गळ्यातून एक फळ चोचीच्या टोकाशी आलं, ते त्याने फटीत धरलं. आतून चोचीचं टोक पुढे आलं आणि फळ गेलं. पुन्हा झटका, पुन्हा एक. उंबरं बारीक असतील तर एका खेपेत डझनावारी होतात आणि मोजताना चूक होते. त्यावर उपाय म्हणजे एकाने दुर्बिणीतून मोठ्याने मोजायचं आणि दुसऱ्याने वहीत पाचापाचाच्या रेघा मारायच्या.

वहीचे रकाने साधेच: तारीख, हवामान, नर आल्याची वेळ, फळाची जात, नग, गेल्याची वेळ, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात मोलाचा. मधमाश्या घिरट्या घालताहेत, घोरपड खोडावर दिसली, दुसरी जोडी ढोलीत डोकावून गेली, बंदुकीचा आवाज आला आणि कुठल्या दिशेने आला, हे सगळं तिथेच लिहायचं. महाधनेशाचं वेळापत्रक लांबलचक असतं. मार्चच्या मध्यापासून माद्या आत जातात, अंडी साधारण ३८ ते ४० दिवस उबवतात. पिल्लू काही आठवड्यांचं झालं की आई आधी बाहेर येते, पिल्लू दार पुन्हा लिंपून घेतं आणि मग दोघंही त्याला भरवतात. पिल्लू बाहेर पडायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. एकूण चार महिने, आणि हाती लागतं एक पिल्लू. रीद्डमध्ये आई मधेच बाहेर येत नाही, मायलेकरू बरोबरच बाहेर पडतात.

शिकारीचं गणित इथेच कळतं. ढोलीत असताना मादी उड्डाणपिसं झाडते, म्हणजे काही आठवडे ती उडूच शकत नाही. या काळात नर मारला गेला तर तिने दार फोडलं तरी ती खाली पडण्यापलीकडे काही करू शकत नाही. एका गोळीत तीन जीव जातात. शिकाऱ्याला पक्षी शोधत हिंडायचीही गरज नसते. पिकलेल्या उंबराखाली किंवा माहीत असलेल्या ढोलीखाली बसलं की नर आपण होऊन येतो, तोही रोज, त्याच वाटेने.

म्हणून उपायही त्याच जागी बसवावा लागला: झाडाखाली माणूस. २०११ मध्ये घोरा-आभे ही सेइजोसा भागातल्या गावबुढ्यांची, म्हणजे गावप्रमुखांची, संस्था, अरुणाचलचा वनविभाग आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन यांनी मिळून घरटी दत्तक योजना आखली, २०१२ च्या हंगामापासून ती चालू आहे. शहरातली माणसं एकेका घरट्याचा खर्च उचलतात. त्या पैशातून आसपासच्या गावांतल्या निशी जमातीच्या माणसांना घरटं-राखणदार म्हणून पगार मिळतो. त्यांतले काही पूर्वीचे शिकारी. शिकाऱ्याला घेण्यामागे दया नाही, हिशेब आहे: ढोल्या, फळझाडं आणि येण्या-जाण्याच्या वाटा त्यालाच पाठ असतात. ही युक्ती पहिल्यांदा थायलंडच्या दक्षिणेत बुदोच्या डोंगरांत थाई संशोधक पिलाई पूनस्वाद यांनी यशस्वी करून दाखवली होती. पक्केत आजवर शंभराहून अधिक पिल्लं या राखणीखाली बाहेर पडली आहेत. आकडा लहान वाटेल. वर्षाला एका जोडीला एकच, हे विसरलं नाही तर वाटणार नाही.

घरटी फसतात ती फक्त बंदुकीने नाही. एप्रिलमधल्या वादळाला आसामात बोर्दोइसिला म्हणतात. त्यात जुनी भेलूची झाडं मुळासकट जातात. मधमाश्या ढोली बळकावतात. आतला गाभा कुजून ढोलीचा तळ खाली खचतो, मग मादीची चोच फटीपर्यंत पोचत नाही आणि चांगली दिसणारी ढोली वर्षानुवर्षं रिकामी राहते. थायलंडमध्ये अशा ढोल्यांत माती भरून तळ उचलून घेतात. खालून नुसतं बघून ‘जागा भरपूर आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा दिवस: नदीपलीकडे

व्याघ्र प्रकल्पात शिरायला सेइजोसाच्या वन कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते आणि सोबत वनरक्षक असतो. हत्तींमुळे ही अट आहे आणि ती योग्य आहे. सकाळी नदीला पाणी कमी असतं. वरच्या डोंगरात पाऊस झाला की दुपारी तीच नदी ओलांडता येत नाही. एप्रिलमध्ये परतीची वेळ म्हणूनच दुपारी एकच्या आत ठरवावी.

पायांना जळूमोजे, त्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ. जळवांपेक्षा त्रास डिम-डॅम माशीचा. अगदी बारीक, काळी, चावल्याचं कळतही नाही; नंतर रक्ताचा ठिपका उमटतो आणि आठवडाभर खाज सुटत नाही. हाफ पँट घालून आलेले दुसऱ्या दिवशी ओळखू येतात.

आज बघायची ती फळझाडं. धनेशाचा आहार दोन गटांत मोडतो. उंबर-वर्गातली फळं बारा महिने कुठे ना कुठे असतात, त्यांतून पाणी आणि कॅल्शियम मिळतं. दुसरा गट स्निग्ध फळांचा: रानटी जायफळाच्या कुळातलं हॉर्सफिल्डिया, कडुनिंबाच्या कुळातली डायसोझायलम आणि चिसोचेटन, सीताफळाच्या कुळातलं पॉलिअल्थिया. डायसोझायलमचं फळ तडकलं की आतल्या मोठाल्या बिया दिसतात. इतकं मोठं बी गिळून, शाबूत ठेवून, शेकडो मीटर लांब नेऊन टाकणारा पक्षी या जंगलात धनेशाशिवाय क्वचितच कुणी आहे. बुलबुलाच्या घशात ते मावणारच नाही.

मात्र सगळं बी चांगल्या जागी पडतं असं नाही. ढोलीखालच्या सड्यात एकाच जागी शेकडो बिया पडतात, रोपंही दाटीने उगवतात आणि उंदीर, साळिंदर, सावली यांतून फार थोडी वाचतात. खरी पेरणी होते ती नर फळझाड आणि ढोली यांच्यामध्ये जिथे जिथे टेकतो तिथे. ‘धनेश म्हणजे जंगलाचा शेतकरी’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. या शेतकऱ्याचं अर्धं बियाणं घराच्या दारातच सांडतं, एवढी दुरुस्ती त्यात करायला हवी.

सह्याद्रीतल्या वाचकाला यात ओळखीचं बरंच दिसेल. कोकणातल्या देवरायांत आणि गावकुसाबाहेर उरलेल्या जुन्या बेहड्यांच्या ढोल्यांत महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश असेच घरटं करतात. तिथेही मोठं, पोकळ, बाजारात फारशी किंमत नसलेलं झाड आधी तुटतं.

चौथा दिवस: चोच

निशी पुरुषाचा पारंपरिक साज म्हणजे वेताची विणलेली टोपी आणि तिच्यावर धनेशाची चोच, टोपासकट. ही चोच शौर्याची आणि मानाची खूण. अरुणाचलात इतरत्र, वांचो-नोक्तेंसारख्या जमातींत, शेपटीच्या पिसांना महत्त्व आहे, निशींत चोचीला. हा फरक बारीक वाटला तरी उपायाच्या दृष्टीने मोठा आहे.

वनविभाग आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी इथे फायबरग्लासच्या चोची दिल्या. साचा खऱ्या चोचीवरून घेतलेला, वजनाला हलकी, रंग वरून दिलेला. लोकांनी त्या स्वीकारल्या, याचं श्रेय प्रचाराइतकंच त्या वस्तूलाही आहे. महाधनेशाच्या टोपाचा पिवळा रंग मुळात त्याचा नसतो. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं पिवळं तेल पक्षी डोकं घासघासून चोचीला आणि पांढऱ्या पिसांना फासतो. पक्षी मेला की हा रंगाचा हात मारणारं कुणी उरत नाही. फायबरच्या चोचीला मात्र दरवर्षी रंग मारता येतो. जुनी खरी चोच ज्याच्या घरी आहे तो ती सांभाळून वापरतोच, आणि ती काढून घ्यायचा अट्टहास कुणी करू नये. आजोबांच्या टोपीवरून नातवाशी वाद घालून एकही पक्षी वाचत नाही.

नवख्याला वाटतं, चोचीचा प्रश्न सुटला म्हणजे शिकार थांबली. तसं नाही. मांसासाठी, आणि चरबीच्या तेलासाठीही धनेश मारले जात आले आहेत. सांधेदुखीवरचं ‘धनेशाचं तेल’ देशभरच्या बाजारांत विकलं गेलं आहे. महाधनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे असं तेल विकणं आणि घेणं दोन्ही गुन्हा. वाघाइतकाच. पिसांना मागणी असलेल्या भागात फायबरची चोच नेऊन उपयोग नाही, तिथे पिसांचाच पर्याय लागतो. आणि कायद्याचा कागद गावात तेव्हाच चालतो जेव्हा गावबुढे तो आपला म्हणतात. इथे दंड गावच करतं, ही घोरा-आभेची खरी ताकद.

जानेवारीत सेइजोसाला पक्के पागा महोत्सव भरतो. पागा म्हणजे निशी भाषेत महाधनेश. पहिला २०१५ मध्ये झाला. पक्षी आणि माणसं दोन्ही एकाच फेरीत बघायची असतील तर तो आठवडा निवडावा, पण ढोलीतला संसार तेव्हा दिसणार नाही.

पाचवा दिवस: करवत

सकाळी पापुमच्या कडेने चालताना पक्ष्यांआधी चेनसॉचा आवाज कानावर येऊ शकतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अरुणाचलातली लाकूडतोड आणि प्लायवुडच्या गिरण्या जवळपास ठप्प झाल्या. पण उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासात २०१३ ते २०१७ या काळात पापुम राखीव जंगलात ३२ चौरस किलोमीटर जंगल गेल्याचं दिसलं. राखणीखालची बरीचशी घरटी याच जंगलात आहेत. राखणदार शिकाऱ्याला हटकू शकतो, तो गावचाच असतो. ट्रक आणि करवत घेऊन रात्री येणाऱ्याला हटकणं त्याचं काम नाही आणि ते त्याच्यावर टाकूही नये. बंदूक आटोक्यात आली म्हणून पाठ थोपटून घ्यायची घाई करू नये. ढोलीला लागणारं झाड वाढायला माणसाचा जन्म अपुरा पडतो.

इथे रोपवाटिकाही आहे. धनेश खातात त्या झाडांच्या बिया गोळा करून रोपं करतात आणि तुटलेल्या जागी लावतात. स्निग्ध फळांच्या बिया सुकवून साठवता येत नाहीत, महिन्याभरात मरतात. गोळा केल्या की गर धुऊन काढायचा आणि लगेच सावलीत पेरायचं. पोती भरून शहरात नेऊन पावसाळ्यात ‘सीड बॉल’ फेकणाऱ्यांनी या बियांच्या वाटेला जाऊ नये.

परतण्याआधी फोनमधले फोटो तपासून घ्यावेत. घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर त्यातली जागेची माहिती काढून टाकावी, आणि झाड ओळखू येईल अशी चौकट, मागचा डोंगर, वाट यांतलं काही त्यात नसावं. एखादा धनेश दिसल्याची नोंद हॉर्नबिल वॉच या संकेतस्थळावर करता येते. घरट्याची जागा मात्र राखणदाराच्या वहीतच राहू द्यावी.

सेइजोसाहून सकाळी सहाला निघालं तर संध्याकाळचं गुवाहाटीचं विमान आरामात मिळतं. राखणदाराची वही ऑगस्टपर्यंत चालते. पावसात नदी चढते, पर्यटकांना प्रकल्प बंद असतो, ढोलीखालच्या वाटेवर गुडघाभर गवत आणि जळवा. लिंपण फुटलेलं, फट रुंद झालेली आणि खाली ताज्या बिया नाहीत, असं दिसलं की तो आसपासच्या झाडांवर भरवून घेणारं पिल्लू शोधतो. सापडलं तर शेऱ्याच्या रकान्यात तारीख टाकतो. नाही सापडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.